थायरॉइडचा कॅन्सर आणि रक्तातले ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे मार्कर : आपण नेमकं काय मोजतो?

प्रवरातीर (धागाकर्ती)

पेशींत पेरॉक्साइडसारखी ऑक्सिडेशन करणारी रसायनं संरक्षणापेक्षा जास्त झाली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. थायरॉइडच्या कॅन्सरवर बायोकेमिस्ट्रीचा प्रबंध म्हटलं की बहुतेक ठिकाणी तीच यादी पुढे येते. एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनमधून उरणारं), एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज), कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही संरक्षण करणारी एन्झाइमं, आणि टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसं, मध्ये टी-टेस्ट. आकडे येतातही, पण ते गाठीबद्दल बोलतात की भलत्याच कशाबद्दल, याची उलटतपासणी फार कमी होते. त्यासाठी हा धागा. काम करणाऱ्यांनी आपापल्या टेबलावरचे बारकावे इथे लिहावेत.

आधी हा विषय थायरॉइडमध्येच इतका का रंगतो ते. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं की ते लगेच निपटून टाकतात. थायरॉइडची पेशी ते मुद्दाम बनवते. फॉलिकलच्या (थायरॉइड पेशींच्या छोट्या पिशवीच्या) आतल्या बाजूच्या पटलावर ड्युऑक्स-२ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. त्याने बनवलेलं पेरॉक्साइड वापरून थायरॉइड पेरॉक्सिडेज आयोडीन थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रोटीनवर चढवतं. पेरॉक्साइड नसेल तर टी-३ नाही आणि टी-४ नाही, म्हणजे थायरॉइडची हॉर्मोनंच नाहीत. म्हणजे ही ग्रंथी जन्मभर या रसायनाच्या शेजारी राहते, आणि म्हणूनच तिच्याकडे संरक्षणही तगडं आहे. दर ग्रॅममागे सर्वाधिक सेलेनियम असलेल्या अवयवांत ती अग्रणी आहे आणि ते सेलेनियम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आणि डीआयोडिनेज या एन्झाइमांत बसलेलं असतं.

पॅपिलरी कॅन्सरमध्ये याला आणखी एक फाटा फुटतो. नॉक्स-४ हे एन्झाइम पेशीच्या आत पेरॉक्साइड बनवतं, आणि त्याचं प्रमाण गाठीच्या ऊतीत वाढलेलं सापडतं. बीआरएएफ व्ही-६००-ई हे या कॅन्सरमधलं सर्वांत नेहमीचं म्युटेशन. ते टीजीएफ-बीटाच्या मार्गाने नॉक्स-४ वाढवतं, आणि त्याच ओघात आयोडीन आत ओढणारा सिम्पोर्टर दबतो. अशा गाठी रेडिओआयोडीनला (किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला) कमी दाद देतात, त्यामागचं हे एक कारण. ऊतीच्या पातळीवर हा सगळा पुरावा भक्कम आहे, त्याबद्दल माझा वाद नाही.

वाद रक्ताबद्दल आहे. १ सेंटीमीटर व्यासाच्या गोल गाठीचं घनफळ ०.५ मिलिलिटरच्या आसपास भरतं, म्हणजे वजन अर्धा ग्रॅम. यकृत दीड किलोचं. रक्तातल्या तांबड्या पेशी दोन लिटर, आणि त्या प्रत्येकीत कॅटलेज ठासून भरलेलं. पेरॉक्साइड तर जिथे तयार होतं तिथून फार दूर जाण्याआधीच संपतं. मग अर्ध्या ग्रॅमच्या गाठीमुळे तीन लिटर प्लाझ्मातलं एमडीए दीडपट कसं होईल? झालेलं दिसलंच, तर तो फरक दुसरीकडून आलाय का हे आधी पाहायला हवं. थायरॉइड हॉर्मोनची पातळी, रक्तातली चरबी, युरिक ॲसिड, तंबाखू, वय आणि नमुना कसा हाताळला, या सहा दरवाज्यांतून बहुतेक फरक आत येतो.

---

निळी_टोपी

वाचनखूण साठवली. सुरुवात नमुन्यापासून करू, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

रक्त उपाशीपोटी घ्या, किमान ८ तास, शक्यतो सकाळी ७ ते ९ मध्ये. सुई २१ गेजची. टूर्निकेट एका मिनिटाच्या आत सोडायचं. सिरिंजने ओढलेलं रक्त सुईतूनच ट्यूबमध्ये जोरात ढकलणं ही हिमोलिसिसची (तांबड्या पेशी फुटण्याची) हमखास पाककृती. ट्यूब ८-१० वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, खळखळवू नका.

कोणत्या मार्करला कोणती ट्यूब, हे आधी कागदावर ठरवून ठेवा. एमडीएसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए, कारण ईडीटीए मोकळं लोह धरून ठेवतं आणि नळीतलं नवीन ऑक्सिडेशन रोखतं. पण तीच ट्यूब फ्रॅपला (एकूण अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या चाचणीला) चालत नाही. फ्रॅपची सगळी परीक्षा लोहावरच उभी आहे, आणि ईडीटीएने लोह धरलं की आकडा कोसळतो. टोटल ऑक्सिडंट स्टेटसचंही तेच. त्या दोन्हींसाठी सीरम किंवा हिरव्या टोपीची हेपॅरिन. सेलेनियम मोजणार असाल तर ट्रेस एलिमेंटची गडद निळ्या टोपीची ट्यूब, आणि ती सगळ्यांत आधी भरायची.

३० मिनिटांच्या आत ४ अंशांवर, १५०० जी, १० ते १५ मिनिटं फिरवा. इथे आरपीएम लिहू नका. रोटरची त्रिज्या बदलली की तेच आरपीएम वेगळा जोर देतं आणि दुसऱ्या लॅबला तुमची कृती करता येत नाही. प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून द्या. लोभाने शेवटचा थेंब ओढला की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सोबत येतात.

एमडीएसाठी वेगळ्या काढलेल्या प्लाझ्मात बीएचटी घाला (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन, इथेनॉलमधलं, शेवटची तीव्रता ०.०१ टक्क्याच्या आसपास). मग २०० ते २५० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० ला. उणे २० वर ठेवलेल्या नमुन्यात लिपिड पेरॉक्सिडेशन चालूच राहतं. रुग्णांचे नमुने वर्षभर साठत गेले आणि कंट्रोलचे शेवटच्या महिन्यात घेतले, तर फरक साठवणुकीचा येईल आणि नाव कॅन्सरचं लागेल. एक वाटा एकदाच वितळवायचा, पुन्हा गोठवायचा नाही.

हिमोलिसिस डोळ्यांनी पाहून भागत नाही. प्लाझ्मा गुलाबी दिसायला लागेपर्यंत लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. ४१४ नॅनोमीटरवर रीडिंग घ्या, हद्द आधीच ठरवा आणि त्यापुढचे नमुने बाद करा. किती बाद केले तेही लिहा.

---

गोदाकाठ

माझा प्रश्न अगदी साधा आहे. मानेत गाठ निघालेल्या माणसाला काही लॅब 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' नावाचं पॅकेज सुचवतात. ते केल्याने गाठ कॅन्सरची आहे की नाही हे कळतं का?

---

शिरपेच

@गोदाकाठ, नाही कळत. त्या पैशात मानेची चांगली सोनोग्राफी करून घ्या.

गाठीचा रस्ता ठरलेला आहे. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हॉर्मोन; थायरॉइड हॉर्मोन वाढलं की ते दबतं) आणि सोनोग्राफी, गाठीचं टायरॅड्स (सोनोग्राफीवरून धोक्याची पायरी) वर्गीकरण, आणि आकार व रूप पाहून गरज असेल तर सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. तिचा अहवाल बेथेस्डा पद्धतीच्या सहा वर्गांत येतो. टीएसएच दबलेला असेल तर आधी स्कॅन, कारण हॉर्मोन ओतणारी 'गरम' गाठ क्वचितच कॅन्सरची असते. या साखळीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची एकही रक्ततपासणी नाही, आणि ती गाळल्याने निदानात कसलीही उणीव राहत नाही.

ऑपरेशननंतर पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरचा रक्तातला खरा मार्कर थायरोग्लोब्युलिन. संपूर्ण ग्रंथी काढून रेडिओआयोडीन दिलेल्या रुग्णात टीएसएच न वाढवता घेतलेलं थायरोग्लोब्युलिन ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आणि इमेजिंग स्वच्छ असेल, तर अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार तो उत्तम प्रतिसाद. त्यासोबत दर वेळी अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी हवीच. साधारण चार-पाच रुग्णांत एकाला ती असते आणि ती असली की नेहमीच्या पद्धतीत थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं. लॅब आणि पद्धत बदलू नका, दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मेड्युलरी कॅन्सर वेगळ्या पेशींचा, त्याला कॅल्सिटोनिन आणि सीईए.

---

एकक

शिरपेच यांनी लिहिलं त्याला गणिताचा आधार देतो. समजा, एखादा मार्कर चांगला निघाला, संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ७० टक्के. (हे आकडे उदाहरणापुरते.) गाठ असलेले १००० लोक घेऊ, त्यांतल्या १०० जणांना कॅन्सर. मार्कर त्यांतल्या ८० जणांना पकडेल. उरलेल्या ९०० निरुपद्रवी गाठवाल्यांपैकी ३० टक्के, म्हणजे २७० जणांनाही तो 'पॉझिटिव्ह' ठरवेल. एकूण ३५० पॉझिटिव्ह, त्यांत खरे ८०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला कॅन्सर असण्याची शक्यता २३ टक्के, आणि निगेटिव्ह आलेल्यांतही २० जणांचा कॅन्सर निसटलेला. सुई तर दोघांनाही टोचावीच लागणार.

शिवाय या विषयावरच्या अभ्यासांत तुलना बहुधा निरोगी माणसांशी असते. ओपीडीत डॉक्टरांपुढचा प्रश्न 'ही गाठ की ती गाठ' असा असतो, 'गाठ की निरोगी' असा नसतो. कंट्रोल गटात निरुपद्रवी गाठीचे, त्याच वयाचे आणि टीएसएच नॉर्मल असलेले लोक नसतील तर तो अभ्यास दवाखान्याच्या कामाचा नाही.

---

प्रवरातीर

आता एमडीएकडे. सगळ्यात जास्त मोजला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा मार्कर हाच.

नेहमीची कृती १९७९ ची, ओहकावा पद्धत. ०.२ मिलि नमुना, ०.२ मिलि ८.१ टक्के एसडीएस, पीएच ३.५ चं २० टक्के ॲसिटिक ॲसिड १.५ मिलि, ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक ॲसिड १.५ मिलि, पाण्याने ४ मिलि. ९५ अंशांवर ६० मिनिटं. थंड करून १ मिलि पाणी आणि ब्युटेनॉल-पिरिडिनचं १५ ला १ मिश्रण ५ मिलि, जोरात हलवून फिरवायचं आणि वरच्या थराचं रीडिंग ५३२ वर. ब्युटेनॉल-पिरिडिनचं काम फ्यूम हूडमध्येच. स्टँडर्ड टेट्रामिथॉक्सीप्रोपेनचा. १० मिलिमोलर साठा हवा तर १६४.२ मिलिग्रॅम १०० मिलित, मग ०.५ ते १० मायक्रोमोलरपर्यंत पायऱ्या.

ही कृती मुळात ऊतीच्या लगद्यासाठी लिहिलेली. प्लाझ्मावर तशीच लावली तर काय होतं ते पाहा. प्लाझ्मातलं मूल्य ४ मायक्रोमोलर धरू. ०.२ मिलितला माल ५ मिलि ब्युटेनॉलमध्ये गेला, म्हणजे २५ पट पातळ, ०.१६ मायक्रोमोलर. शोषणांक १,५६,०००. गुणाकार केला तर रीडिंग येतं ०.०२५. साध्या फोटोमीटरवर ०.००२ चा हेलकावा नेहमीचा, म्हणजे ८ टक्के चूक तर जागच्या जागी. क्युव्हेटवर बोटाचा ठसा राहिला तरी रुग्ण आणि कंट्रोल यांच्यातला 'फरक' तयार होतो.

यावरचा उपाय म्हणजे फ्लुओरेसन्स. ५१५ वर उद्दीपन, ५५३ वर उत्सर्जन. त्याहून बरं, थायोबार्बिट्युरिक ॲसिडने बनणारं गुलाबी संयुग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) वेगळं करून मोजणं. एचपीएलसीने प्लाझ्मातलं एमडीए बहुधा १ मायक्रोमोलरच्या खाली येतं आणि तोच नमुना वरच्या साध्या कृतीने ३-४ दाखवतो. मधला फरक सायलिक ॲसिड, साखर आणि बिलिरुबिन यांचा, शिवाय उकळताना नव्याने झालेल्या ऑक्सिडेशनचा. फोटोमीटरशिवाय पर्याय नसेल तर ६०० वरचं रीडिंग वजा करा, म्हणजे गढूळपणा तरी निघतो. हिमोग्लोबिन तसं निघत नाही, त्याची शिखरं ५४१ आणि ५७७ ला, अगदी शेजारी. म्हणूनच निळी_टोपी म्हणतात तसे ते नमुने बादच करायचे. आणि प्रबंधात 'एमडीए' न लिहिता 'टीबार्स' (थायोबार्बिट्युरिक ॲसिडशी रंग देणारे सगळे पदार्थ) लिहा, कारण मोजलंय ते.

यात थायरॉइडची स्वतःची मेख अशी. एमडीए चरबीच्या ऑक्सिडेशनमधून येतं. थायरॉक्सिन (टी-४ ची गोळी) बंद करून रेडिओआयोडीनची वाट पाहणाऱ्या रुग्णात तीन-चार आठवड्यांत टीएसएच ३० च्या वर जातो आणि एलडीएल कोलेस्टेरॉलही चढतं. दर लिटरमागे चरबीच जास्त, त्यामुळे एमडीएही जास्त. तेव्हा प्रत्येक नमुन्याचं लिपिड प्रोफाइल करा आणि एमडीए कोलेस्टेरॉल अधिक ट्रायग्लिसराइडच्या गुणोत्तरातही मांडा. हा एक स्तंभ घातला की बऱ्याचदा फरक निम्म्यावर येतो किंवा मावळतो.

---

सातपुडा

इतकं सगळं मोडीत काढू नका. अर्धा ग्रॅम गाठीचा हिशोब मान्य, पण रक्तातला मार्कर गाठीतूनच यायला हवा असं कुठे आहे? माणसाचं अँटिऑक्सिडंट संरक्षण मुळातच कमजोर असेल तर कॅन्सर होण्याची जमीन तयार होते, असंही असू शकतं. अनेक छोट्या अभ्यासांत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज कमी आणि एमडीए जास्त, हा सूर वारंवार ऐकू येतो. गाठीभोवतीची सूज, हाशिमोटो (थायरॉइडवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला), पांढऱ्या पेशींची हालचाल हे सगळं रक्तात दिसू शकतं.

---

प्रवरातीर

@सातपुडा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तो सिद्ध करायचा असेल तर अभ्यासाची मांडणी वेगळी लागते. कमजोरी आधीपासून होती असं म्हणायचं तर निदानाच्या कित्येक वर्षं आधी घेऊन गोठवलेले नमुने हवेत. निदानानंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सांगता येत नाही. आणि हाशिमोटोचा उल्लेख तुम्हीच केलात. पॅपिलरी कॅन्सर असलेल्यांत हाशिमोटो वारंवार सोबत सापडतो आणि एकट्या हाशिमोटोतही हे मार्कर बदलतात. दोन्ही गटांत अँटी-टीपीओ (हाशिमोटोत सापडणारी अँटिबॉडी) न मोजता तुलना केली तर काहीच हाती लागत नाही.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजबद्दल आणखी एक. प्लाझ्मात फिरणारं जीपीएक्स-३ मुख्यतः मूत्रपिंडातून येतं आणि ते सेलेनियमवर अवलंबून असतं. ते कमी आलं तर पहिला संशय सेलेनियमवर, दुसरा क्रिएटिनिनवर. ते दोन्ही मोजून झाले की मग कॅन्सर.

---

ताम्रपट

एन्झाइमांच्या बाजूचं लिहितो.

एसओडी आणि कॅटलेज प्लाझ्मात मोजू नका. तिथे सापडतं ते बहुतांशी फुटलेल्या तांबड्या पेशींतून आलेलं असतं. पेशीच घ्या. प्लाझ्मा काढल्यावर थंड ०.९ टक्के सलाइनने तीनदा धुवा, दर वेळी वरचा पांढरा थर उचलून टाका, मग चार पट बर्फगार पाण्यात फोडा. निकाल दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे, हिमोग्लोबिन ड्रॅबकिन पद्धतीने ५४० वर. ड्रॅबकिनमध्ये सायनाइड असतं, ते आम्लाच्या बाटलीत ओतायचं नाही.

एसओडी पायरोगॅलॉल पद्धतीने करत असाल (पीएच ८.२, ४२० वर रीडिंग, ५० टक्के रोध म्हणजे एक युनिट) तर आधी इथेनॉल-क्लोरोफॉर्मने हिमोग्लोबिन काढा. त्यात मँगनीजवालं एसओडी मरतं, पण परिपक्व तांबड्या पेशीत मायटोकाँड्रियाच नसल्याने इथे नुकसान नाही. पायरोगॅलॉल रोज ताजं, पातळ आम्लात, बर्फावर. तपकिरी झालेलं वापरलं तर ब्लँकचा वेगच बदलतो.

कॅटलेज एबी पद्धतीने, पीएच ७ चा ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, क्युव्हेटमध्ये पेरॉक्साइड १० मिलिमोलर, २४० वर. सुरुवातीचं रीडिंग ०.४४ च्या आसपास यायला हवं. ०.३ आलं तर बाटलीतलं ३० टक्के पेरॉक्साइड जुनं झालंय. पहिल्या ३० सेकंदांचाच उतार घ्या. पुढे ऑक्सिजनचे बुडबुडे क्युव्हेटच्या भिंतीला चिकटतात आणि रीडिंग उड्या मारायला लागतं. क्युव्हेट क्वार्ट्झचंच हवं, साधं प्लास्टिक २४० वर अपारदर्शक असतं.

ग्लुटाथायोन हे वेळेशी भांडण आहे. पेशीत ते मिलिमोलरमध्ये, प्लाझ्मात काही मायक्रोमोलर, आणि बाहेर आलं की मिनिटांत ऑक्सिडाइज होतं. रक्त घेतल्या जागीच दोन वाटे करा. एक थेट ५ टक्के मेटाफॉस्फॉरिक ॲसिडमध्ये, एकूण ग्लुटाथायोनसाठी. दुसरा एन-इथाइलमॅलीमाइडमध्ये, ऑक्सिडाइज्ड भागासाठी. मात्र रीसायकलिंग पद्धतीत उरलेलं एन-इथाइलमॅलीमाइड ग्लुटाथायोन रिडक्टेजलाच मारतं, तेव्हा ते आधी काढून टाकावं लागतं. हे न केल्याने 'ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन शून्य' असे निकाल येतात.

---

निळी_टोपी

ताम्रपट, +१. फ्रॅपचं राहिलं म्हणून जोडते. पीएच ३.६ चा ३०० मिलिमोलर ॲसिटेट बफर, ४० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमधलं १० मिलिमोलर टीपीटीझेड आणि २० मिलिमोलर फेरिक क्लोराइड, १० ला १ ला १. वापरायच्या आधीच एकत्र करायचं, ५९३ वर, ३७ अंशांना, ४ मिनिटांनी.

प्लाझ्मातल्या फ्रॅपच्या आकड्यात साधारण ६० टक्के वाटा एकट्या युरिक ॲसिडचा असतो आणि ग्लुटाथायोन त्यात जवळपास दिसतच नाही. थायरॉइड हॉर्मोन कमी असेल तर मूत्रपिंडातून युरिक ॲसिड कमी बाहेर पडतं, म्हणजे फ्रॅप चढतं. त्याच रुग्णात एमडीएही चढलेलं, 'ताण' आणि 'संरक्षण' दोन्ही वाढलेले, आणि मग चर्चेच्या प्रकरणात शरीराने प्रतिकार उभारल्याचं लिहिलं जातं. युरिक ॲसिडची साधी तपासणी करून ते वजा केलं तर ही कहाणीच उरत नाही.

प्रोटीन कार्बोनिल आणि एओपीपी (दोन्ही प्रोटीनच्या ऑक्सिडेशनचे मार्कर) मागवत असाल तर एवढंच, की एओपीपीत ट्रायग्लिसराइडचा गढूळपणा ३४० वर रीडिंग वाढवतो. ८-ओएचडीजीच्या (डीएनएच्या ऑक्सिडेशनच्या मार्करच्या) एलायझा किटपेक्षा मास स्पेक्ट्रोमेट्री बरी, किटची अँटिबॉडी मिळत्याजुळत्या रेणूंनाही धरते.

---

रानजाई

रेडिओआयोडीनचा विषय निघालाय तर विचारते. परळला टाटा मेमोरियलच्या ॲनेक्समध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी रुग्णांच्या फाइलमध्ये हे नाव असतं. अशा उपचाराच्या आधी घरचे लोक सेलेनियम, ई जीवनसत्त्व, 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल सुरू करतात. त्याचा रक्तातल्या या आकड्यांवर आणि उपचारावर काय परिणाम?

---

शिरपेच

@रानजाई, महत्त्वाचा प्रश्न. अशी कॅप्सूल सुरू करण्याआधी, आणि सुरू असेल तर लगेच, न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. त्याची कारणं अशी.

पहिलं म्हणजे आयोडीन. अनेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये १५० मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन असतं. उपचाराआधीच्या कमी आयोडीनच्या आहारात दिवसाची हद्द साधारण ५० मायक्रोग्रॅम. एका गोळीत तीन दिवसांची हद्द संपते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या तर त्याहून वाईट.

दुसरं, उपचाराची रीतच. आयोडीन-१३१ चा किरणोत्सर्ग उरलेल्या थायरॉइड पेशी मारतो, त्यात मुक्त मूलकांचाही हात असतो. या उपचारानंतर रक्तातलं एमडीए काही काळ वाढतं, ते त्यामुळेच. लाळग्रंथी वाचवण्यासाठी ई आणि क जीवनसत्त्वांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या ठरवलेल्या डोसने, देखरेखीखाली. घरी मनाने घेणं वेगळं.

तिसरं बायोटिन, जे केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं. स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या मशीनमध्ये ते टीएसएच खोटं कमी, फ्री टी-४ खोटं जास्त आणि थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दाखवतं. शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण परतलेला कॅन्सर लपतो. तपासणीआधी किमान २ दिवस बंद, आणि लॅबला सांगून ठेवा.

शिवाय गोळीत लोह किंवा कॅल्शियम असेल तर थायरॉक्सिनपासून ४ तास लांब, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

सेलेनियमची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी वरची हद्द २५५ ठरवली. त्यापुढे केस गळणं, नखं तुटणं, श्वासाला लसणासारखा वास येणं. 'अँटिऑक्सिडंट म्हणजे कॅन्सरपासून बचाव' हे समीकरण तर तपासून झालंय. सिलेक्ट या ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत सेलेनियमने प्रोस्टेट कॅन्सर टळला नाही आणि २०११ च्या अहवालात ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्के जास्त निघाला. तो कॅन्सर वेगळा, हे खरं, पण कॅप्सूल निरुपद्रवी आहे असं धरून चालू नये.

---

गोदाकाठ

मनापासून आभार. पॅकेजचा विचार सोडला. बायोटिनचं तर कुणी कधी विचारतच नाही.

---

मोहोर

मला प्रबंधाची मांडणी करायची आहे. वरचं सगळं लक्षात ठेवून ऑपरेशनआधी आणि नंतर असा अभ्यास केला तर चालेल का? किती रुग्ण लागतील?

---

एकक

@मोहोर, चालेल. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना झाली की वय, तंबाखू, आहार यांचा गोंधळ बराच कमी होतो. पण 'नंतर'चा दिवस नीट निवडा. ऑपरेशनच्या जखमेने पहिले काही आठवडे सगळेच मार्कर हलतात. त्यानंतर थायरॉक्सिनचा डोस बसेपर्यंत टीएसएच वर-खाली होत राहतो. डोस न बदलता ६ ते ८ आठवडे गेल्यावर, टीएसएच स्थिर आहे हे पाहून नमुना घ्या. कॅन्सरच्या रुग्णांत टीएसएच मुद्दाम ०.१ च्या आसपास दाबलेला असेल तर तो सौम्य हायपरथायरॉइडच, आणि त्यानेही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो.

म्हणून समांतर गट हवा. निरुपद्रवी मल्टिनोड्युलर गॉयटरसाठी (अनेक गाठींनी वाढलेल्या थायरॉइडसाठी) संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण घ्या. तीच भूल, तशीच जखम, तेच थायरॉक्सिन, फक्त कॅन्सर नाही. दोन गटांतल्या बदलांची तुलना हाच तुमचा निकाल. नुसतं 'ऑपरेशननंतर एमडीए उतरलं' एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

संख्येचा ढोबळ नियम: दोन गटांतला फरक प्रमाणित विचलनाच्या किती पट अपेक्षित आहे ते ठरवा, त्याचा वर्ग करा आणि १६ ला त्याने भागा. अर्धा पट फरक असेल तर १६ भागिले ०.२५, प्रत्येक गटात ६४. ०.८ पट असेल तर २५. रुग्ण गळतात, १५ टक्के वर धरा. गाईडने २० म्हटलं तर हा हिशोब दाखवा.

आणि मार्कर आधी ठरवा, एकच मुख्य. दहा स्वतंत्र मार्कर ५ टक्क्यांच्या हद्दीवर तपासले तर काहीच नसताना निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ४० टक्के असते. मुख्य मार्कर एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा, नंतर बदलता येणार नाही असा.

---

मोहोर

फार उपयोग झाला. मुख्य मार्कर म्हणून काय सुचवाल? एचपीएलसी आहे, मास स्पेक नाही.

---

प्रवरातीर

एचपीएलसी-फ्लुओरेसन्सने एमडीए, चरबीच्या गुणोत्तरासह. दुय्यम म्हणून तांबड्या पेशींतलं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पॅग्लिया-व्हॅलेंटाइन पद्धतीने ३४० वर, सोबत सेलेनियम. सोबतची अनिवार्य यादी: टीएसएच, फ्री टी-४, अँटी-टीपीओ, लिपिड, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, सीआरपी (शरीरातल्या सुजेचा मार्कर). पेशंटच्या फॉर्मवर तंबाखूसोबत मिश्री आणि गुटखा हे वेगळे रकाने ठेवा. नुसतं 'धूम्रपान करता का' विचारलं तर आपल्याकडच्या बायका बरोबर 'नाही' सांगतात आणि मिश्री राहून जाते.

---

ताम्रपट

@मोहोर, शेवटचं, पण पहिल्या दिवशी करायचं. ऐच्छिक दात्यांच्या प्लाझ्माचा पूल करून त्याचे दोनेकशे वाटे उणे ८० ला टाका. प्रत्येक बॅचमध्ये सुरुवातीला एक आणि शेवटी एक पूल लावा. त्यांचा सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांची तफावत) १० टक्क्यांच्या आत राहायला हवा. प्रत्येक बॅचमध्ये कॅन्सर आणि गॉयटर दोन्ही गटांचे नमुने मिसळून लावा. एकाच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे नमुने एकाच बॅचमध्ये, आणि रीडिंग घेणाऱ्याला कोणती कुपी कुणाची हे माहीत नको. पूलचा आकडा दोन प्रमाणित विचलनांच्या बाहेर गेला तर ती अख्खी बॅच नव्या वाट्यांवर पुन्हा लावायची. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचा एक वाटा राखीव हवा, म्हणून रक्त घेतानाच दोनऐवजी तीन वाटे करा.